अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी छातीत दुखतंय? हृदयाच्या बारीक नळ्यांचं काम समजून घ्या

"तीन नळ्यांत ब्लॉकेज हाय." "एकच नळी तुंबल्या, स्टेंट टाकला." "नळ्या मोकळ्या हैत, भ्यायचं कारण न्हाई." ही वाक्यं आता आपल्याकडं डेअरीच्या रांगेतसुद्धा ऐकायला मिळतात. अँजिओग्राफी म्हणजे काय हे शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत बहुतेकांना माहीत झालंय. घरटी नसलं तरी भावकीत एकाची तरी झालेली असतेच.

पण त्या तीन नळ्यांच्या पुढं काय असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि ज्यांच्या नळ्या मोकळ्या निघाल्या तरी चढ चढताना छातीवर दाब येतो, त्यांची फार कुचंबणा होते. त्यातही बायकांची जास्त. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात ॲसिडिटी आहे, शेजारचे म्हणतात मनावर घेतलंय, आणि एखादा म्हणतो बाहेरचं काहीतरी बघा. बाई गप्प बसते आणि पुन्हा भांगलायला जाते.

म्हणून आज या पुढच्या, बारीक नळ्यांबद्दल.

गेज फुल्ल, पण टोकाचा ऊस वाळतोय

ज्यांच्या उसात ठिबक आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. मोटर चालू आहे, फिल्टरजवळचा गेज बरोबर प्रेशर दाखवतोय, मेन लाईन भरलेली आहे, सबमेन भरलेली आहे. तरी शेताच्या एका बाजूचा ऊस सुकतोय. का? ड्रिपर क्षारानं तुंबलेत. मेन लाईन कितीही तपासा, तिथं काही सापडणार नाही. दोष शेवटच्या थेंबाच्या जागी आहे.

हृदयाचं तसंच आहे. हृदय सगळ्या अंगाला रक्त पोचवतं, पण त्याच्या पोकळीत भरलेलं रक्त त्याला स्वतःला खाद्य म्हणून वापरता येत नाही. हृदयाची भिंत म्हणजे जाड स्नायू. त्या स्नायूला रक्त पुरवायला वेगळी व्यवस्था आहे. महाधमनी हृदयातून बाहेर पडते, तिच्या बुडालाच दोन नळ्या फुटतात, एक डावी आणि एक उजवी. डावीच्या पुढं दोन मोठ्या फांद्या होतात, म्हणून आपण 'तीन नळ्या' म्हणतो. या नळ्या हृदयाच्या वरच्या अंगानं जातात. जाडी साधारण तीन-चार मिलिमीटर, म्हणजे पेनातल्या रिफिलएवढी.

ही झाली मेन लाईन. तिला फांद्या फुटत जातात, त्या स्नायूच्या आत शिरतात आणि बारीक बारीक होत जातात. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेल्या की अँजिओग्राफीच्या पडद्यावर त्या नळ्या म्हणून दिसतच नाहीत. अगदी शेवटी केशवाहिन्या. नाव केशवाहिनी असलं तरी ती केसाच्याही दहाव्या हिश्श्याएवढीच असते. रक्तातली तांबडी पेशी तिच्यातून जाताना अंग चोरून, एकामागं एक अशी जाते, अरुंद बोळातनं म्हशी काढाव्यात तशी. हृदयाच्या स्नायूच्या एक चौरस मिलिमीटर तुकड्यात अशा हजारो केशवाहिन्या असतात. जवळजवळ प्रत्येक स्नायूपेशीला तिची स्वतःची एक. खरं पाणी पाजायचं काम तिथं होतं. वरच्या तीन नळ्या नुसती ने-आण करतात.

मग अँजिओग्राफी नॉर्मल म्हणजे काय? तर मेन लाईन मोकळी. ही चांगलीच बातमी आहे, त्यात शंका नाही. पण ड्रिपर मोकळे आहेत का, ते त्या तपासणीनं सांगितलेलं नाही.

रुपयातले बारा आणे

हृदयाचा एक स्वभाव समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. आपलं बाकीचं शरीर बसल्या जागी रक्तातला प्राणवायू रुपयातले चार आणे एवढाच उचलतं. बारा आणे रक्तात शिल्लक राहतात. म्हणजे काम वाढलं तर त्या शिलकीतनं घेता येतं. हृदय मात्र आराम असतानाच बारा आण्यांच्या आसपास उचलून घेतं. शिल्लक जवळजवळ नाहीच. त्यामुळं डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांध चढायचा म्हटलं, तर हृदयाला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे स्वतःकडं जास्त रक्त ओढून घेणं.

शांत बसलेल्या माणसाच्या हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त लागतं. धडधाकट माणूस जोरात काम करायला लागला की ते चौपट, म्हणजे लिटरभरापर्यंत वाढू शकतं. ही वाढ कोण करतं? त्या तीन मोठ्या नळ्या नव्हे. त्यांची जाडी फार बदलत नाही. हे काम स्नायूच्या आतल्या बारीक नळ्या करतात. गरज लागली की त्या सैल होतात, रुंद होतात, गरज संपली की आवळतात. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आपण दर पावसाळ्यात बातमीत वाचतो. कुणी बटण दाबत नाही, वेळ आली की आपोआप उघडतात. तसे हे दरवाजे, फक्त लाखोंनी आणि डोळ्याला न दिसणारे. धरणाचे दरवाजे पाणी जास्त झालं की उघडतात, हे मागणी जास्त झाली की उघडतात, एवढा फरक.

नळी उघडते कशी, तर तिच्या आतल्या अंगाला एक नाजूक अस्तर असतं. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी किंचित तयार करतं, त्यानं नळीची भिंत सैल पडते. हा शोध एवढा मोठा ठरला की १९९८ साली त्यावर काम केलेल्या तिघांना नोबेल मिळालं. हे अस्तर खराब झालं की दरवाजा गंजला म्हणायचा. बसून असताना काही कळत नाही, कारण पाव लिटर जाऊ शकतं. चढ लागला, भारा उचलला, घरात भांडण झालं, की चौपट पाहिजे असतं आणि दुप्पटही मिळत नाही. मग स्नायू उपाशी पडतो आणि छातीत कळ येते. कधी कधी या नळ्या उघडायच्या सोडून उलट्याच आवळतात, तेव्हा बसल्या जागीही दुखतं.

आजाराला नाव मिळालं १९८८ ला

१९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून एका तपासणीत रंगीत औषध अचानक हृदयाच्याच नळीत गेलं. घाबरायची वेळ होती, पण पेशंट वाचला आणि त्यातनं आजची अँजिओग्राफी जन्माला आली. पुढं लाखो लोकांच्या नळ्या बघून झाल्यावर डॉक्टरांना एक कोडं पडलं. छातीतलं दुखणं अगदी हृदयाचंच, पण नळ्या स्वच्छ, असे कितीतरी पेशंट निघायला लागले. १९७३ साली त्याला 'सिंड्रोम एक्स' असं नाव पडलं. बारीक नळ्यांचा दोष म्हणून 'मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना' हे नाव १९८८ मध्ये आलं. म्हणजे हा आजार मनाचा नाही हे ठरवायलाच शिकलेल्या लोकांना कितीतरी वर्षं लागली. आपल्या गावात लोक 'मनावर घेतलंय' म्हणतात, त्यात फार नवल नाही.

यात बायकांचं प्रमाण जास्त आहे. १९९६ पासून अमेरिकेत खास बायकांच्या हृदयावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातनं हे पुढं आलं की छातीत दुखतंय पण मोठ्या नळ्या मोकळ्या आहेत, अशा बायकांना पुढच्या काळात हृदयाचा त्रास व्हायचा धोका, काहीच दुखत नसलेल्या बायकांपेक्षा जास्त असतो. 'नॉर्मल आहे, जावा घरी' एवढ्यावर विषय संपत नाही तो यामुळं.

दुखणंही सिनेमात दाखवतात तसं नसतं. माणूस छाती धरून धाडकन पडत नाही. दाबल्यासारखं वाटतं, दम लागतो, जबड्यात, मानेत, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, आणि अंगात काही राहिलंच नाही असा थकवा येतो. दूध घालायला जाताना नेहमीचाच चढ, पण आता मधे दोनदा थांबावं लागतं. काहींना काम चालू असताना नाही तर काम संपवून टेकल्यावर दुखतं, आणि ते पाच मिनिटांत न जाता बराच वेळ राहतं. आमच्याकडच्या बायका हे सगळं 'वय झालं' या एका शब्दात गुंडाळतात. त्यात अंगात रक्त कमी असेल तर आणखी भर. रक्तच पातळ, त्यामुळं प्राणवायू कमी, म्हणून हृदयाला जास्त रक्त ओढावं लागतं आणि दरवाजे तर उघडत नाहीत. पाळी गेल्यानंतर या अस्तराला शरीराकडून मिळणारं संरक्षणही कमी होतं.

दरवाजे गंजतात कशानं

बीपी, शुगर, तंबाखू. चौथं नाव घ्यायचं तर रक्तातली चरबी. यादी जुनीच आहे, पण बारीक नळ्यांच्या बाबतीत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

बीपी वाढलेलं असेल तर हृदयाला जोर लावून पंप करावं लागतं, मग स्नायू जाड होतो. तालमीत दंड जाड झाले तर कौतुक, हृदयाची भिंत जाड झाली तर घात. स्नायू वाढला तरी त्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत. त्याच मोटरीवर आणखी दोन एकर जोडल्यागत होतं. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या आरामात मिळतं, कारण ठोक्याच्या वेळी स्नायू स्वतःच्याच नळ्या पिळून धरतो. जाड, कडक भिंत नीट सैल पडत नाही, त्यामुळं सगळ्यात आतला थर उपाशी राहतो. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल आणि काही दुखत नाही म्हणून गोळी सोडली असेल, तर हे काम आत गुपचूप चालू असतं.

शुगर तर बारीक नळ्यांची वैरीणच. डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा आणि हृदय या सगळ्या ठिकाणी ती एकाच पद्धतीनं काम करते. डोळ्याचा पडदा ही शरीरातली अशी जागा आहे जिथं डॉक्टर चिरफाड न करता बारीक रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यानं बघू शकतात. शुगरवाल्यांना वर्षातनं एकदा पडदा तपासायला सांगतात तो नुसता चष्म्यासाठी नाही. तिथल्या नळ्या बिघडलेल्या दिसल्या तर इतर ठिकाणीही तीच गत असायचा संभव असतो.

इथं एक गैरसमज काढला पाहिजे. 'मी बारीक आहे, मला कुठली शुगर?' पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय, तेही पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत, १९९३ पासून. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपला माणूस दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. तेव्हा वजनकाट्यावर विसंबून शुगर तपासायची टाळू नका. वयाची तिशी ओलांडली की उपकेंद्रात बीपी आणि शुगर फुकट तपासतात. आशाताई बोलवायला येतात तेव्हा आपण शेताला गेलेलो असतो, ही खरी अडचण.

तंबाखूचं पुरुषांना सगळे सांगतात, बायकांच्या मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही. भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळली तरी तिचा अर्क रक्तात उतरतोच आणि नळ्या आवळतो. मावा, गुटखा यांचं तर बोलायलाच नको. चुलीच्या धुरानंही हृदयाचा धोका वाढतो. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला चूल पेटतेच आपल्याकडं, निदान खोलीला धुराडं तरी पाहिजे.

तपासायचं कसं, औषध काय

पहिली गोष्ट: आपलं आपण ठरवायचं नाही की 'माझं बारीक नळ्यांचंच आहे'. आधी मोठ्या नळ्यांचा दोष नाही हे डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे, कारण तिथला धोका तातडीचा असतो.

ते झाल्यावर बारीक नळ्यांची परीक्षा घ्यायच्या पद्धती आहेत. अँजिओग्राफीच्या वेळीच केसासारखी बारीक तार नळीत सोडतात, नळ्या सैल करणारं औषध देतात आणि रक्ताचा प्रवाह किती पट वाढला ते मोजतात. पेट स्कॅननंही हे कळतं. ही सोय मोठ्या हॉस्पिटलांतच, तीही सगळीकडं नाही. त्यामुळं बऱ्याचदा अनुभवी डॉक्टर लक्षणं आणि बाकीचे रिपोर्ट बघून औषध सुरू करतात, त्यात चूक काही नाही.

यात स्टेंट बसत नाही. स्टेंट दोन मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड नळीत बसतो, इथं नळी केसाएवढी. बायपासचाही उपयोग नाही. म्हणजे उपचार गोळ्यांचा आणि चालीरीतीचा. बीपी-शुगर ताब्यात ठेवणाऱ्या, नळ्या सैल करणाऱ्या, ठोके कमी करून स्नायूला आराम देणाऱ्या आणि चरबी उतरवणाऱ्या गोळ्या असतात. कुणाला कुठली, ते डॉक्टर ठरवतात, आणि एक लागू पडली नाही तर बदलून बघावी लागते. जिभेखालच्या गोळीनं मोठ्या नळीच्या दुखण्याला जसा पटकन आराम पडतो, तसा इथं दर वेळी पडत नाही. त्यावरून 'हृदयाचं नसेलच' असा निष्कर्ष काढू नका.

चालण्यानं अस्तर सुधारतं हे पक्कं माहीत झालेलं आहे. आता शेतकरी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतोय की! पण वाकून भांगलणं, भारा उचलणं आणि सलग अर्धा तास बेतानं चालणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. किती चालायचं हे आधी डॉक्टरांना विचारून मगच.

अटॅकमध्ये वेळ का महत्त्वाची

बारीक नळ्यांचा आणखी एक हिशेब आहे, तो मोठ्या अटॅकच्या वेळचा. मोठी नळी गाठीनं पूर्ण बंद झाली की वीस-तीस मिनिटांतच पुढचा स्नायू मरायला सुरुवात होते. जसजसे तास जातात तसतशा त्या भागातल्या केशवाहिन्या सुजतात, आतून चिकटतात, बारीक गाठींनी भरतात. मग हॉस्पिटलात पोचल्यावर डॉक्टर मोठी नळी उघडतात, पडद्यावर ती झकास मोकळी दिसते, आणि तरीही रक्त पुढं सरकत नाही. हंगामभर बंद ठेवलेल्या ठिबकचा व्हॉल्व्ह उघडावा, मेन लाईन भरावी आणि ड्रिपरातनं एक थेंब येऊ नये, तसं. 'ऑपरेशन यशस्वी झालं म्हणाले, मग माणूस का खचला?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथं असतं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त लागू पडतं. चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा, या भागातनं कोल्हापूर गाठायचं म्हणजे घाट, वळणं आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकणं. म्हणून थेट कोल्हापूरच गाठायचं असा हट्ट धरू नका. १०८ ला फोन करा, किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, गडहिंग्लजच्या बाजूला असाल तर तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात आधी ईसीजी काढा. अटॅक दिसला तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते जिथं मिळतं तिथं आधी घेऊन मग सीपीआर किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफीसाठी जाता येतं. मोटरसायलवर मधे बसवून नेणं टाळा.

पैशाच्या जुळवाजुळवीत वेळ घालवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. २०२३ च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागं पाच लाख झाली. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, कागदांचं तोच बघतो. रेशनकार्ड आणि आधार तेवढं निघताना पिशवीत टाका. जुना ईसीजी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधीची अँजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडीसुद्धा. आणि दुखायला नेमकं किती वाजता लागलं, ते मोबाईलमध्ये टिपून ठेवा. कॅज्युअल्टीत पाय ठेवल्या ठेवल्या डॉक्टर हेच विचारतात, आणि इंजेक्शन द्यायचं का नाही हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.